दसऱ्यानंतर घेते

डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ हा कोविडचा नवा उपप्रकार देशात सापडला. सुरुवातीला जाहीर झालेल्या २१ रुग्णांपैकी १९ गोव्यातले होते, एक केरळातला आणि एक महाराष्ट्रातला. महाराष्ट्रातला तो एक आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातला होता. टीव्हीवर जिल्ह्याचं नाव आलं आणि संध्याकाळी वाडीतल्या बायका माझ्या पडवीत जमल्या. 'सिस्टर, परत सुई घेवची लागतली काय?' मालवण तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून मी त्याच वर्षी मे अखेरीस आरोग्य सेविका म्हणून निवृत्त झाले होते, पण विचारायला माणसं अजून माझ्याकडेच येत. मी सांगितलं, घाबरू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जपा, ताप-खोकला असेल त्यानं कार्याला जाऊ नये. सांगितलं त्यात चूक काही नव्हतं. मी स्वतः तिसरा डोस घेतलेला नाही, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

ते आता सांगायचं आहे. डोस का राहिला, त्याची किंमत काय पडली, आणि त्याहून मोठी एक चूक, जी माझ्यामुळे दुसऱ्या माणसाला भोगावी लागली.

माझी सगळी नोकरी लशीच्या पेटीबरोबर गेली. पोलिओ, पेंटाव्हॅलंट, गोवर-रुबेला. कुठल्या वाडीत कुठलं मूल कितव्या डोसाला आलं आहे हे मला रजिस्टर न उघडता सांगता येई. १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता, आणि मी दोन्ही डोस वेळेवर घेतले. पहिल्या डोसानंतर अंग ठणकलं, रात्रभर ताप होता. हा ताप पुढे माझ्या गोष्टीत येणार आहे.

त्या वर्षी १६ मे रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. माड मोडून तारांवर पडले, वीज गेली ती अनेक गावांत कितीतरी दिवस आली नाही. केंद्रात कोविशील्डच्या कुप्या होत्या. तेव्हा लशीची इतकी टंचाई होती की आठवड्याला जेमतेम एखादं सत्र लागायचं. आम्ही त्या कुप्या बर्फाच्या पॅकांसकट कोल्ड बॉक्समध्ये हलवल्या आणि जनरेटर लागेपर्यंत त्याचं झाकण मी कुणाला उघडू दिलं नाही. दोन अंशांच्या खाली नको, आठच्या वर नको, एवढंच डोक्यात होतं. बाहेर कौलं उडत होती. पुढे जूनमध्ये राज्यानं निर्बंधांचे पाच स्तर केले तेव्हा आमचा जिल्हा चौथ्या स्तरात होता, म्हणजे लाट ओसरलेल्या जिल्ह्यांत आम्ही नव्हतो. मासेमारीच्या बंदीचे दिवस होते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या होत्या, आणि माणसं घरी सापडत होती. मिळेल तेवढी लस घेऊन आम्ही शाळांत, देवळांच्या मंडपांत बसलो. तेव्हा लोक पहाटेपासून रांगेत उभे राहत. एक कुपी म्हणजे दहा डोस, आणि अकरावा माणूस परत पाठवताना जीव तुटायचा.

दुसऱ्यांच्या डोसासाठी इतकं करणारी बाई स्वतःचा डोस कसा विसरते, असं कुणी विचारेल. मी विसरले नव्हते. मी तो पुढे ढकलत गेले.

१० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना तिसरा डोस सुरू झाला. दुसऱ्या डोसाला नऊ महिने झालेले असावेत ही अट मी केव्हाच पूर्ण केली होती. पण त्याच महिन्यात ओमायक्रॉनच्या लाटेत मला ताप आला, तपासणीत कोविड निघाला, आणि चार दिवसांत मी उठून कामाला लागले. आजार झाल्यावर तीन महिने डोस घ्यायचा नाही असा नियम होता. नियम योग्यच होता. मी मात्र त्या तीन महिन्यांत मनाशी हिशेब मांडला की दोन डोस झाले, वर आजारही होऊन गेला, आता आपल्याला काय होणार? एप्रिल आला, लग्नसराई आली. मग पाऊस, मग गणपती. लशीवरचा माझा विश्वास कधीच गेला नव्हता. रोगाची भीती गेली होती, आणि भीती गेली की आपण रोगच गेला असं समजतो.

१५ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनं १८ वर्षांवरच्या सगळ्यांना तिसरा डोस ३० सप्टेंबरपर्यंत मोफत दिला. त्याआधीच दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसांतलं अंतर नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणलं होतं. लस भरपूर होती. माणसं नव्हती. वर्षभरापूर्वी जिथे रांग वळसा घेऊन विहिरीपर्यंत जायची, तिथे आम्ही तिघी खुर्च्या मांडून बसायचो.

३० सप्टेंबर हा शुक्रवार होता. नवरात्र चालू होतं. एका गावाच्या शाळेत सत्र लावलं होतं. सकाळी एक आजोबा आले म्हणून कुपी उघडली. कुपी उघडली की तिच्यावर वेळ लिहायची. चार तासांत ती संपवायची, नाहीतर टाकायची. आजोबांच्या मागून आणखी तिघं आले. मग कुणी आलं नाही. सहा डोस उरले. वेळ संपत आली तेव्हा आमच्या आशाताईनं मला विचारलं, 'सिस्टर, तुम्ही घेऊन टाका ना. तुमचो रवलोहा.' तिच्या हातात सिरिंज होती. मी म्हटलं, 'आता नको गे. ताप येतलो. घरात घट बसलेत, उपास आसा, माझ्यामागे कोण करतला? दसऱ्यानंतर घेते.'

ती काही बोलली नाही. तिचाही डोस राहिला होता. मी घेतला असता तर तिनंही घेतला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या दोघी दाराशी उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. त्या आदल्या सत्रापासून विचार करत होत्या, घेऊ की नको. सिस्टरच नको म्हणते आहे हे त्यांनी पाहिलं आणि त्या आत न येताच वळल्या. चार तास झाले. कुपी बाजूला काढली, आणि तक्त्यात 'वाया' या रकान्यात मी सहा लिहिलं. त्यात माझा एक होता, आशाताईचा एक होता, त्या दोघींचे दोन होते.

दसरा झाला. आरोग्य कर्मचारी म्हणून मला नंतरही मोफत डोस मिळाला असता, पण मागणी नव्हती, साठा संपत गेला आणि पुन्हा आला नाही. नुसतं आमच्याकडेच असं झालं असंही नाही. देशात पहिला डोस शंभर कोटींहून जास्त लोकांनी घेतला, तिसरा तेवीस कोटींच्या आतच राहिला. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, त्याच महिन्यात मी निवृत्त झाले. आणीबाणी संपली असं त्यांनी म्हटलं होतं, आजार संपला असं म्हटलं नव्हतं. मी ते तसंच ऐकलं जसं मला ऐकायचं होतं.

जानेवारी २०२४ मध्ये मला पुन्हा कोविड झाला. नाताळच्या सुट्टीत मालवणात पर्यटकांची गर्दी होती, घरी मुंबईची माणसं येऊन गेली होती. कुठून आला ते शोधण्यात अर्थ नाही. ताप, घसा, अंगदुखी. आठवड्यात बरं वाटलं. ऑक्सिजन एकदाही कमी झाला नाही. रुग्णालयात जावं लागलं नाही. नोंद करायची असती तर मीच 'सौम्य' लिहिलं असतं.

फेब्रुवारीत शेजारची सून बाळाला घेऊन आली. 'सिस्टर, गोवराची सुई कधी?' आणि मला उत्तर आठवेना. नऊ महिने पूर्ण झाल्यावर, हे वाक्य मी आयुष्यभर दिवसातून कितीदा तरी उच्चारलं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला वाटलं मी बाळाला न्याहाळते आहे. मी आत जाऊन जुनं लसीकरणाचं कार्ड शोधलं, वाचलं, आणि मग बाहेर येऊन सांगितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

मार्चच्या सुरुवातीला आंगणेवाडीची जत्रा होती. भराडी देवीच्या दर्शनाला मी दरवर्षी जाते; कोविडमुळे २०२१ मध्ये जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरतीच झाली होती, तो अपवाद. रांगेत उभी राहिले, ओटी भरली, घरी आले. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उठून बसता येईना. हातापायांत दुखणं नव्हतं, ताप नव्हता, शक्तीच नव्हती. न्हाणीघरापर्यंत जाऊन आलं की छातीत धडधड. हे तीन-चार दिवस चाललं, मग उतरलं, आणि पुढच्या वेळी परसातल्या झावळ्या ओढल्यावर पुन्हा तसंच. दमणूक कामाच्या दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते, हे कळायला मला उन्हाळा लागला.

त्याच उन्हाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली. मी नोकरीत असताना कितीतरी बाळंतपणं केली. वीज नसताना, गाडी वेळेवर न येताना. माझ्या नातवाला पहिली आंघोळ घालायला मात्र बाहेरची बाई लावावी लागली. दोन पाय पुढे पसरून पाटावर बसायचं, बाळ पायांवर पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, ऊन पाणी घालायचं. अर्ध्या तासाचं काम. एकदा केलं आणि पुढचे दिवस अंथरुणात गेले. लेक मला काही बोलली नाही. जावयानं पैसे दिले. मी खोलीतून बाळाचं रडणं ऐकत असे.

तपासण्या सगळ्या झाल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको. सगळं नॉर्मल. एका ठिकाणी मला सांगण्यात आलं की निवृत्तीनंतर बायकांना असं होतं, मन गुंतवा. शेवटी गोव्यातल्या एका छातीविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: कोविड कधी झाला होता आणि डोस कधी घेतले होते? मी तारखा सांगितल्या. मग त्यांनी विचारलं, काम केल्याच्या दुसऱ्या दिवशी काय होतं? एवढं नेमकं मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की याला लाँग कोविड म्हणतात, यावर अजून ठरावीक असं औषध नाही, आणि अंगातली कमजोरी झटकायला म्हणून जोर लावून चालायला जाऊ नका, त्यानं वाढेल. वैशाखातल्या विहिरीचं जसं असतं, थोडं उपसायचं आणि झरा भरेपर्यंत थांबायचं, तसं मी आता काम करते. आज, एवढ्या काळानंतर, बरीच सुधारणा आहे. पूर्ण नाही.

मी त्यांना विचारलं, तिसरा डोस घेतला असता तर हे टळलं असतं का? त्यांनी खोटा दिलासाही दिला नाही आणि दोषही दिला नाही. तुमच्या एकटीबद्दल कुणालाच सांगता येणार नाही, म्हणाले. मग मोबाइलवर स्वीडनमधला एक अभ्यास दाखवला, २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. सुमारे ५ लाख ९० हजार प्रौढ माणसं, सगळ्यांना पहिल्यांदा कोविड झालेला. आजाराआधी लस घेतलेल्यांत नंतर लाँग कोविडचं निदान होण्याचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होतं. एक डोस असेल तर २१ टक्के, दोन असतील तर ५९, तीन किंवा जास्त असतील तर ७३. तिथल्या लशी बहुतेक एमआरएनए प्रकारच्या, आपल्याकडे कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन, आणि मला तर आजार दुसऱ्यांदा झालेला. त्यामुळे आकडा जसाच्या तसा मला लागू होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. शिवाय मी सप्टेंबर २०२२ मध्ये डोस घेतला असता तर जानेवारी २०२४ पर्यंत त्याची धार कमी झालेली असतीच. हे सगळं मला मान्य आहे. तरीही मला जे मोफत, हाताच्या अंतरावर मिळत होतं ते मी सोडलं. शक्यता कमी करायची संधी सोडली, एवढं नक्की.

आता ती दुसरी चूक.

आमच्या भागात एक रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे, आहेत; त्यांना सगळे तात्या म्हणतात. मे २०२१ मध्ये, लशीचा पहिला डोस मिळण्याआधीच, त्यांना कोविड झाला. घरीच बरे झाले. पावसाळ्यानंतर रापण सुरू झाली तेव्हा ते केंद्रात आले. रापणीचा दोर दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात, पाय वाळूत रुतवून, तासन् तास. जो ओढतो त्याला वाटा. तात्या माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, 'सिस्टर, माका दम लागता. पयल्यासारखा काम जमणा नाय. एक दिवस दोर वडलंय की दोन दिवस उठाक होणा नाय.'

दुसऱ्या दिवशी उठायला होत नाही, हे त्यांनी मला स्वतःच्या शब्दांत सांगितलं होतं. तो ऑक्टोबर २०२१ होता. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं या आजाराची व्याख्या प्रसिद्ध केली: कोविडनंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली, दुसरं कारण न सापडणारी लक्षणं. आपल्या केंद्र सरकारनं तर कोविडनंतरच्या काळजीची नियमावली सप्टेंबर २०२० मध्येच काढली होती. ती आमच्या केंद्रातही आली होती, वाचल्याची सही करून मी फायलीला लावली होती. मी तात्यांची नाडी पाहिली, ऑक्सिमीटर लावला, ९८ आला. आणि म्हटलं, 'काय नाय तात्यानू, अशक्तपणा आसा. थोडे दिवस काढा, होतला बरा.' बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची पट्टी दिली. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवायला एक चिठ्ठी पुरली असती. मी ती लिहिली नाही, कारण आमच्या मोजमापात ज्याचा ऑक्सिजन ठीक तो माणूस ठीक होता.

तात्या पुन्हा केंद्रात आले नाहीत. पुढे कानावर आलं की ते रापणीला जात नाहीत, मुलाशी भांडणं होतात, गावात बोलतात की कोविडचं निमित्त करून बसून खातात. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

माझं स्वतःचं निदान झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. ते अंगणात जाळं विणत होते. मी सगळं सांगितलं: तुम्ही त्या दिवशी जे सांगत होतात तोच आजार मला झाला आहे, त्याला नाव आहे, आणि मला ते तेव्हा कळायला हवं होतं. माफी मागितली. त्यांनी जाळ्यावरून नजर न काढता ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'सिस्टर, ह्या तेव्हा माझ्या झिलाक सांगूक व्हया होता.'

मी त्यांच्या मुलालाही भेटले. तो म्हणाला, आता काय उपयोग. त्याचं खरं आहे. रापणीतल्या त्यांच्या जागी दुसरा माणूस आला, वाटा गेला, आणि बाप-लेकांत जे बोलणं झालं ते माझ्या माफीनं पुसलं जाणार नव्हतं.

मे २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या लशीमुळे, म्हणजे आपल्याकडच्या कोविशील्डमुळे, रक्ताच्या गुठळ्या होतात ही बातमी गाजली तेव्हा वाडीतल्या कितीजणांनी मला येऊन सांगितलं की बरं झालं तिसरी सुई घेतली नाही, तुम्हीसुद्धा घेतली नव्हती ना. या वेळी मी गप्प बसले नाही. गुठळ्यांचा तो दुष्परिणाम खरा आहे, मी त्यांना सांगितलं. तो अतिशय विरळा आहे आणि प्रामुख्यानं पहिल्या डोसानंतरच्या काही आठवड्यांत दिसतो. तरुण माणसं अचानक दगावण्याबद्दल आयसीएमआरनं देशातल्या ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला, त्यात लशीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. आणि मी डोस घेतला नाही तो विचार करून नव्हे, आळसानं. हे वाक्य सगळ्यांसमोर म्हणायला मला जड गेलं. पण ते म्हटल्यावरच आशाताईनं मान वर केली आणि म्हणाली, 'मीसुद्धा.'

आज आमच्याकडच्या सरकारी केंद्रांत कोविडची लस नेहमीसारखी मिळत नाही, त्यामुळे उद्या जाऊन घ्या असं मी सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना वयस्कर माणसं, मधुमेह-हृदयरोगासारखे जुने आजार असणारे, प्रतिकारशक्ती कमी असलेले, गरोदर बायका आणि रुग्णांत वावरणारे आरोग्य कर्मचारी यांना अजूनही वेळोवेळी डोस घ्यायला सांगते. तुम्ही किंवा तुमचे आईवडील यांपैकी असाल तर आपल्या डॉक्टरांना विचारा, लस कुठे मिळते याची चौकशी करा, आणि पुन्हा कधी गावात सत्र लागलं तर त्याच दिवशी घ्या. आणि कोविड होऊन तीन महिने उलटले तरी घरातलं कुणी दमत असेल, विसरत असेल, कामाच्या दुसऱ्या दिवशी कोसळत असेल, तर एका कागदावर आजाराची तारीख, डोसांच्या तारखा आणि दमणूक केव्हा येते ते लिहून डॉक्टरांकडे न्या. त्या माणसाला एकटं पाठवू नका. त्याच्याबरोबर घरातलं दुसरं कुणीतरी जा, म्हणजे डॉक्टर जे सांगतील ते घरच्यांच्याही कानावर पडेल.